आवरलेली कोठी आवरलेलीच राहण्यासाठी

कोठीची खोली किंवा स्वयंपाकघरातले साठवणीचे कपाट एका सुट्टीच्या दिवशी आवरून काढणे फारसे अवघड नसते. अवघड असतात ते त्यानंतरचे दोन महिने. एकसारखे डबे, सुबक अक्षरांतल्या चिठ्ठ्या आणि रंगांप्रमाणे लावलेल्या बरण्या यांची छायाचित्रे पाहून मांडलेली कोठी बहुधा पहिल्या एकदोन खरेद्यांपर्यंत टिकते आणि मग अर्धी उघडी पाकिटे पुन्हा डब्यांच्या डोक्यावर जाऊन बसतात. अशा वेळी घरच्या माणसांच्या बेशिस्तीला बोल लावला जातो, पण दोष बहुतेक वेळा मांडणीत असतो. सामान बाहेर काढताना व्यवस्था सहसा बिघडत नाही, कारण हवा तो जिन्नस दिसला की माणूस तो उचलतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही. ती बिघडते बाजारातून आणलेले सामान आत ठेवताना. त्या वेळी माणूस थकलेला असतो, डबा निम्मा भरलेला असतो, पाकिटातला सगळा माल त्यात मावत नाही आणि उरलेल्याचे काय करायचे हे कुणी ठरवलेले नसते. पुढच्या सर्व सूचना याच प्रसंगाचा विचार करून दिल्या आहेत. कोठी मांडताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: ज्याला या व्यवस्थेत काडीचाही रस नाही, अशा घरातल्या माणसाला आणलेली वस्तू न विचारता योग्य जागी ठेवता येईल का?

आधी रिकामे करणे

सर्व कोठी एकाच वेळी रिकामी करावी असे पुष्कळदा सांगितले जाते. मोठ्या घरात आणि मोकळ्या दिवशी ते ठीक आहे. एरवी एका वेळी एकच फळी घ्यावी. काम अर्ध्यावर सोडावे लागले तर फरशीवर पसरलेले सामान जसेच्या तसे उचलून पुन्हा आत कोंबले जाते आणि मूळच्या पसाऱ्यापेक्षा वाईट अवस्था होते. फळी रिकामी झाली की कोपरे आणि सांधे कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने साफ करावेत, ओल्या फडक्याने पुसावे आणि पूर्ण वाळल्याशिवाय तिच्यावर काहीही ठेवू नये.

बाहेर काढलेल्या सामानाची वर्गवारी करताना टाकायचे काय याचा निर्णय पाकिटावरच्या तारखेवर आंधळेपणाने सोपवू नये. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख गुणवत्तेविषयी असते. त्या दिवसापर्यंत पदार्थाची चव, रंग आणि पोत उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे राहील एवढाच तिचा अर्थ. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ ही तारीख मात्र सुरक्षिततेविषयी असते आणि ती उलटून गेलेला पदार्थ वापरू नये. कोरड्या कोठीतल्या बहुतेक वस्तूंवर पहिल्या प्रकारची तारीख असते, त्यामुळे थोडी तारीख उलटलेला पांढरा तांदूळ किंवा पास्ता डोळ्यांनी व नाकाने तपासून खुशाल वापरता येतो. साखर आणि मीठ कोरडे राहिले तर खराब होत नाहीत, आणि मध घट्ट होऊन त्याचे कण झाले तरी तो बिघडलेला नसतो. कारखान्यातून सीलबंद होऊन आलेल्या हवाबंद डब्यांतल्या (कॅनमधल्या) तयार खाद्यपदार्थांच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत देऊ नये. डबा फुगलेला असेल, गळत असेल, जोडावर खोल खड्डा पडला असेल किंवा उघडताना आतला द्रव जोराने उसळला असेल, तर तो चाखूनही न पाहता टाकावा. अशा डब्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष असू शकते आणि ते वासाने किंवा चवीने ओळखता येईलच असे नाही.

या वेळी जवळ एक कागद ठेवावा आणि त्यावर दोन प्रकारच्या नोंदी कराव्यात. एकाच जिन्नसाची दोन-तीन उघडी पाकिटे सापडली तर तो जिन्नस आजवर दिसत नव्हता असा अर्थ होतो, आणि नव्या मांडणीत त्याला समोरची जागा द्यायला हवी. दुसरी नोंद कधीच न संपलेल्या वस्तूंची करावी. एखादी नवी पाककृती करून पाहण्याच्या उत्साहात आणलेली आणि मग विसरलेली अशी निदान एक वस्तू प्रत्येक कोठीत असतेच. तिला डबा आणि चिठ्ठी देऊन प्रतिष्ठित करण्यापेक्षा येत्या आठवड्यात वापरावी किंवा सीलबंद असेल तर ज्याला उपयोगी पडेल त्याला देऊन टाकावी.

उष्णता, उजेड आणि ओल

कोरडे अन्न टिकवण्यासाठी १० ते २१ अंश सेल्सिअस तापमान, काळोख आणि कोरडी हवा ही परिस्थिती उत्तम मानली जाते. प्रत्येक घरात एवढे थंड राहणे शक्य नसते, पण घरातल्या घरात चांगली आणि वाईट जागा निवडता येते. शेगडीच्या वरचे कपाट मसाल्यांसाठी सोयीचे वाटते, परंतु तिथे रोज उष्णता आणि वाफ पोहोचत असल्याने मसाल्यांचा वास तिथेच सर्वांत लवकर उडतो. ओव्हनला चिकटलेली भिंत, फ्रिजच्या मागची व वरची गरम हवा आणि ऊन येणारी खिडकी या जागा अन्नासाठी टाळून भांड्यांसाठी ठेवाव्यात. सिंकखालच्या कपाटात नळ्यांवर दव जमते आणि कधीतरी गळतीही होते. तिथे कितीही मोकळी जागा दिसली तरी धान्य किंवा पीठ ठेवू नये. साबण, फरशी पुसण्याची द्रावणे आणि कीटकनाशके अन्नाच्या खणात तर ठेवू नयेतच, शेजारच्या खणातही ठेवू नयेत. सांडण्याचा धोका असतोच, शिवाय चहा आणि पीठ आसपासचे वास फार सहज धरतात.

हवेतली ओल मोजण्यासाठी आर्द्रतामापक मिळतो, पण त्याचे काम उघड्या वाटीतले मीठही काही अंशी करते. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते, आणि खाण्याच्या मिठात असलेल्या इतर क्षारांमुळे ते त्याआधीच चिकट होऊ लागते. कोठीतले मीठ ओलसर लागत असेल तर त्याच फळीवरच्या पिठालाही तीच हवा लागते आहे हे ओळखावे आणि त्या दिवसांत पीठ कमी प्रमाणात आणावे. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात सामान भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवले तर मागे हवा खेळती राहते. जमिनीवर थेट पोते किंवा डबा ठेवू नये. लाकडी पाट किंवा १० ते १५ सेंटिमीटर उंचीचा स्टँड असला की ओल चढत नाही आणि खाली झाडूही फिरतो.

फळ्या कशा लावाव्यात

कोठीची सर्वांत मोठी अडचण लांबी-रुंदी कमी असण्याची नसते, फळी खोल असण्याची असते. साधारण ३० सेंटिमीटर खोलीच्या फळीवर दोन ओळी मावतात आणि दोन्ही दिसतात. ६० सेंटिमीटर खोलीच्या फळीवर चार ओळी मावतात आणि त्यांतल्या मागच्या दोन ओळी कायमच्या विस्मरणात जातात. नव्याने फळ्या बसवायच्या असतील तर कमी खोलीच्या घ्याव्यात. खोल कपाट आधीचेच असेल तर खालच्या खणांत सरकते खण बसवावेत. ते शक्य नसेल तर फळीच्या खोलीइतके लांब ट्रे ठेवून त्यांत सामान लावावे, म्हणजे ट्रे ओढला की मागची वस्तू पुढे येते. दोन फळ्यांमधले अंतरही तपासावे. डब्याच्या उंचीपेक्षा चार बोटे जास्त जागा पुरते. त्याहून जास्त जागा ठेवली की तिथे डब्यांवर पाकिटे रचली जातातच, मग नियम काहीही असो.

जड वस्तू गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर, रोजच्या वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंत आणि क्वचित लागणाऱ्या हलक्या वस्तू त्याच्या वर ठेवाव्यात. तेलाचा मोठा डबा किंवा काचेच्या जड बरण्या डोक्याच्या वर ठेवू नयेत. ज्या वस्तूसाठी स्टूल घ्यावे लागते ती परत जागेवर जात नाही, ओट्यावर राहते. म्हणून स्टुलाच्या उंचीवर फक्त वर्षातून काही वेळाच लागणारे सामान असावे. लहान मुलांनी स्वतः घ्यावे असे वाटते ते खाणे खालच्या फळीवर ठेवले तर मुले वरच्या फळ्यांवर चढत नाहीत.

सामानाचे गट पाडताना हात आखडता घ्यावा. धान्ये, पिठे, डाळी व कडधान्ये, तेले, मसाले, न्याहारी आणि मधल्या वेळचे खाणे, भाजण्या-बेक करण्याचे साहित्य आणि राखीव माल एवढे सात-आठ गट बहुतेक घरांना पुरतात. पिठांचे चार उपगट आणि डाळींचे पाच उपगट पाडले की प्रत्येक नव्या वस्तूपुढे ही कुठे बसते असा प्रश्न उभा राहतो आणि उत्तर न मिळाल्याने ती पहिल्या दिसलेल्या मोकळ्या जागी ठेवली जाते. नेहमी एकत्र लागणाऱ्या वस्तू मात्र प्रकार वेगळा असला तरी एकाच ट्रेमध्ये असाव्यात. बेक करण्याचे साहित्य याचे सोपे उदाहरण आहे. सोडा, यीस्ट, व्हॅनिला आणि कोको हे सगळे एका ट्रेमध्ये असले की तो ट्रे ओट्यावर आणायचा आणि काम झाल्यावर तसाच परत सरकवायचा. कोणत्याही गटात न बसणाऱ्या वस्तूंसाठी एक टोपली जरूर ठेवावी, परंतु एकच. ती भरली की रिकामी करायची, दुसरी आणायची नाही.

घरात कुणाला शेंगदाणे, काजू-बदाम, गहू किंवा तीळ यांची ॲलर्जी असेल तर त्या व्यक्तीच्या खाण्याला वरची स्वतंत्र फळी द्यावी, म्हणजे दुसऱ्या वस्तूचे सांडलेले पीठ किंवा कण त्यावर पडत नाहीत. चमचे आणि मापेही वेगळी ठेवावीत.

बटाटे आणि कांदे कोरड्या कोठीत ठेवायचे असल्यास हवा खेळेल अशा जाळीच्या टोपल्यांत आणि एकमेकांपासून दूर ठेवावेत. बटाट्यांना उजेड लागू देऊ नये. उजेडात ते हिरवे पडतात आणि हिरव्या भागात सोलानिन हे अपायकारक द्रव्य वाढलेले असण्याची शक्यता असते.

डब्यांचे गणित

डबे सर्वांत शेवटी विकत घ्यावेत. हा क्रम बहुतेक लोक उलटा करतात. आधी डब्यांचा संच येतो आणि मग त्यात सामान बसवण्याची खटपट सुरू होते. डब्याचे माप दोन गोष्टींवरून ठरते: आपण तो जिन्नस एका वेळी किती आणतो आणि नवा माल येतो तेव्हा जुना किती शिल्लक असतो. सामान वजनावर मिळते आणि डबे आकारमानावर, म्हणून थोडा हिशेब करणे भाग आहे. एक किलो तांदूळ किंवा साखर साधारण १.२ लिटर जागा घेते. एक किलो पीठ सैल भरले तर त्याला सुमारे १.८ लिटर लागतात. एक किलो बारीक मीठ एका लिटरच्या आत बसते, तर अर्धा किलो ओट्सनाच जवळपास १.३ लिटर जागा लागते. या आकड्यात चौथा हिस्सा शिल्लक मालासाठी मिळवावा. म्हणजे एक किलो तांदळासाठी दीड लिटरचा, एक किलो पिठासाठी सव्वादोन ते अडीच लिटरचा आणि पाच किलो तांदळासाठी साडेसात लिटरचा डबा हवा. ‘एक किलोचा डबा’ असे विक्रेत्याने सांगितले तर कशाचा एक किलो हे विचारावे, किंवा सरळ बुडाशी छापलेले लिटर पाहावेत.

आकार चौकोनी असावा. गोल डबा स्वतःभोवतीच्या चौकोनातली सुमारे ७८.५ टक्के जागाच वापरतो, म्हणजे उंची तेवढीच असली तरी फळीवरची पाचव्या हिश्शाहून अधिक जागा डब्यांच्या मधल्या कोपऱ्यांत वाया जाते. गोल बरण्या आधीच असतील तर त्या फेकून देण्याचे कारण नाही. मसाले, चहा, कॉफी अशा थोड्या प्रमाणातल्या वस्तूंसाठी त्या चांगल्या आहेत आणि हातात धरायलाही सोप्या पडतात. काच वास धरत नाही आणि आतले दाखवते, पण जड असते व उजेड आत येऊ देते. स्टील टिकाऊ असते, मात्र आत किती उरले आहे ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. प्लास्टिक हलके असते, परंतु मसाल्यांचा व तेलाचा वास धरून ठेवते, म्हणून एकदा मसाल्यासाठी वापरलेला प्लास्टिकचा डबा पुन्हा पिठासाठी घेऊ नये. कपाटाला दारे असतील तर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक सोयीचे. उघड्या फळ्यांवर तेले आणि मसाले अपारदर्शक भांड्यांत ठेवावेत.

प्रत्येक वस्तू पाकिटातून काढून डब्यात भरायलाच हवी हा आग्रह सोडून द्यावा. त्याने कोठी देखणी दिसते, पण दर खरेदीनंतरचे काम दुप्पट होते आणि अखेरीस तेच काम टाळले जाते. साधा निकष असा की जे पाकीट उघडल्यापासून दोन आठवड्यांत संपते ते पाकिटातच राहू द्यावे आणि अशी पाकिटे एका उघड्या टोपलीत उभी लावावीत. किडीची भीती असलेले धान्य, पीठ, डाळी, सुका मेवा आणि ओल धरणारी साखर, मीठ, बिस्किटे यांना मात्र घट्ट झाकणाचा डबा हवाच. डब्यात भरताना पाकिटावरचा शिजवण्याच्या सूचनांचा, घटकांचा आणि तारखेचा भाग कापून डब्याच्या मागच्या बाजूला चिकटवावा. तीन महिन्यांनी कोणते पीठ कोणते हे नुसते पाहून ओळखता येईल या भरवशावर राहू नये.

नवा माल जुन्यावर ओतणे ही सर्वांत वाईट सवय आहे, कारण त्यामुळे तळाचा थर कधीच संपत नाही आणि किडीला किंवा खवटपणाला तिथे निवांत घर मिळते. जुना माल परातीत काढावा, डबा कोरड्या फडक्याने पुसावा, नवा भरावा आणि जुना वर घालावा. तेलकट पिठांच्या आणि सुक्या मेव्याच्या बाबतीत डबा पूर्ण रिकामा होऊ द्यावा, गरम पाण्याने व साबणाने धुवावा आणि झाकणाची रबरी कडी वेगळी काढून वाळवावी. त्या कडीच्या खाचेत राहिलेल्या पाण्याच्या थेंबाने पिठाला बुरशी लागते आणि दोष पिठाला दिला जातो.

उरलेल्या मालाची जागा

डब्यात न मावलेला माल आणि जादाची बंद पाकिटे यांच्यासाठी एक राखीव फळी किंवा एक मोठी पेटी ठरवावी, आणि घरातला सर्व जादा माल तिथेच जाईल असे पाहावे. ही फळी प्रत्येक गटामागे विखुरलेली नसावी. सर्व राखीव माल एकाच ठिकाणी असला की खरेदीला निघताना फक्त तेवढीच जागा पाहावी लागते, आणि एखादी वस्तू तिथे असेल तर ती आणायची नाही हा निर्णय क्षणात होतो. उघडलेले पण न संपलेले पाकीट रबर बँडने किंवा चिमट्याने बंद करून, त्यावर उघडल्याची तारीख लिहून याच फळीच्या पुढच्या भागात ठेवावे, म्हणजे डबा रिकामा होताच आधी त्याच्याकडे हात जातो.

या फळीचा आकार हीच साठ्याची मर्यादा समजावी. ती भरली असताना स्वस्त मिळते म्हणून आणखी आणलेला माल शेवटी जमिनीवर, डब्यांवर किंवा दुसऱ्या खोलीत जातो, आणि स्वस्ताईचा फायदा त्यातला काही भाग टाकून देताना संपतो. जो जिन्नस डबाभर असला तरी लवकर संपतो आणि दर आठवड्याला लागतो त्याचे एक जादा पाकीट असावे. महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तूचे जादा पाकीट ठेवू नये.

चिठ्ठ्यांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. डब्यातले सामान बदलते, फळी बदलत नाही. त्यामुळे फळीच्या कडेवर गटाचे नाव लिहिणे डब्यावर सुंदर नाव छापण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. डब्यासाठी कागदी चिकटपट्टी आणि मार्कर पुरे. त्यावर जिन्नसाचे नाव आणि भरल्याची तारीख लिहावी, माल बदलला की पट्टी काढावी. तयार खाद्यपदार्थांचे हवाबंद डबे आणि बाटल्या लावताना नव्या मागे ठेवाव्यात आणि जुन्या पुढे ओढाव्यात. आधी आलेले आधी संपावे हे तत्त्व गोदामांत पाळले जाते, ते घरातही तेवढेच लागू आहे.

किडी: दिसण्याआधीचा बंदोबस्त

धान्यात सोंडे दिसले की ते बाहेरून चढले असे आपण समजतो, परंतु पुष्कळदा ते धान्याबरोबरच घरात आलेले असतात. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते, त्यामुळे बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि उबदार हवेत साधारण महिनाभराने पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. पिठातले लालसर भुंगेरे अखंड दाणा फोडू शकत नाहीत. ते पीठ, तुटलेले दाणे आणि फळीच्या फटीत साठलेली भुकटी यांवर जगतात. म्हणून फटी साफ ठेवणे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. पतंगाच्या अळ्या पिठात किंवा सुक्या मेव्यात रेशमी जाळी करतात, पातळ प्लास्टिक आणि कागद कुरतडून पार जातात, आणि कोश करण्यासाठी अन्न सोडून कपाटाच्या वरच्या कोपऱ्यांत किंवा छतापर्यंत चढतात. कोठीत एखादा लहान पतंग उडताना दिसला तर नुसते पीठ चाळून भागत नाही. कोपरे आणि फळ्यांच्या खालच्या बाजूही पाहाव्या लागतात.

सर्वांत खात्रीचा घरगुती उपाय थंडीचा आहे. नवे धान्य, पीठ किंवा डाळ घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवले तर अंडी आणि अळ्या मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतली ओल जमते आणि किडीऐवजी बुरशीला आमंत्रण मिळते. फ्रीझरमध्ये एवढी जागा नसेल तर नवा माल लगेच जुन्या डब्यांत न मिसळता वेगळ्या पारदर्शक, घट्ट झाकणाच्या भांड्यात महिनाभर ठेवून लक्ष ठेवावे. कीड निघालीच तर ती त्या एका भांड्यात अडकते. घट्ट झाकणाचा खरा उपयोग हाच आहे: तो किडीला आत येऊ देत नाही, आणि आत असलेलीला शेजारी जाऊ देत नाही.

कीड पसरली असेल तर लागलेला माल बंद पिशवीत घालून त्याच दिवशी घराबाहेर काढावा, आसपासची उघडी पाकिटे तपासावीत, फटी व्हॅक्यूम क्लीनरने साफ करून त्याची पिशवीही बाहेर रिकामी करावी. अन्नाच्या फळ्यांवर कीटकनाशक फवारू नये. पतंगांसाठी मिळणारे गंधाचे चिकट सापळे फक्त नरांना पकडतात. त्यांनी कीड आहे की नाही हे कळते, तिचा नायनाट होत नाही.

किती आणावे

प्रत्येक जिन्नसाचे आयुष्य वेगळे असते आणि त्याचा संबंध बहुतेक वेळा त्यातल्या तेलाशी असतो. पांढरा तांदूळ कोरड्या, बंद डब्यात वर्षानुवर्षे टिकतो, पण कोंड्यासह असलेल्या तपकिरी तांदळात तेल असल्याने तो साधारण सहा महिन्यांत खवट होऊ लागतो. हाच फरक मैदा आणि सबंध गव्हाचे पीठ यांच्यात आहे; कोंडा व अंकुर असलेले पीठ एक ते तीन महिन्यांत संपेल एवढेच आणावे, किंवा उरलेले फ्रिजमध्ये ठेवावे. अक्रोड, बदाम, जवस, तीळ आणि त्यांची पिठे यांनाही हेच लागू आहे. उघडलेले तेल उजेडापासून दूर ठेवावे आणि मोठ्या डब्यातून लहान बाटलीत काढून वापरावे, म्हणजे मोठा डबा रोज उघडला जात नाही.

डाळी आणि कडधान्ये लवकर बिघडत नाहीत, म्हणून ती मोठ्या प्रमाणात आणण्याचा मोह होतो. मात्र उष्ण व दमट हवेत खूप दिवस राहिलेली कडधान्ये कितीही भिजवली आणि शिजवली तरी नीट मऊ होत नाहीत. अख्खे मसाले दळलेल्यांपेक्षा पुष्कळ जास्त काळ वास धरून राहतात; दळलेले मसाले लहान बरणीत मावतील एवढेच असावेत. बेकिंग पावडरची चिमूट गरम पाण्यात टाकून पाहावी, जोमाने फेस आला तर ती कामाची आहे. हवाबंद डब्यांतले टोमॅटो, फळे असे आंबट पदार्थ १२ ते १८ महिने आणि मासे, कडधान्ये, बहुतेक भाज्या असे कमी आंबट पदार्थ दोन ते पाच वर्षे चांगल्या गुणवत्तेचे राहतात.

मांडल्यानंतरची देखभाल

वर्षातून दोनदा मोठी आवराआवर करण्यापेक्षा प्रत्येक खरेदीआधी एक फळी पाहणे जास्त टिकते. खरेदीची यादी कोठीसमोर उभे राहून करावी आणि त्याच वेळी त्या दिवसाच्या फळीवरचे डबे पुढे ओढावेत, सांडलेले पुसावे, संपत आलेल्या वस्तू उघडून पाहाव्यात. पुढच्या वेळी पुढची फळी. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद आणि पेन्सिल टांगून ठेवावी, आणि ज्याने शेवटचा माल डब्यातून काढला त्याने ते नाव तिथे लिहावे एवढाच नियम घरात ठेवावा. याहून जास्त नियम पाळले जात नाहीत. फोनवरच्या साठ्याच्या नोंदी ठेवणारी ॲप्स काही जणांना जमतात, पण प्रत्येक वस्तू काढताना नोंद करावी लागते म्हटल्यावर बहुतेक घरांत ती महिन्याभरात मागे पडतात.

बाजारातून आलेल्या पिशव्या ठेवण्यासाठी कोठीजवळ ओट्याचा एक हातभर भाग किंवा घडीचे टेबल मोकळे असावे. तिथे पिशवी रिकामी करून मग वस्तू आत जातात. ही जागा नसेल तर पिशवी जशीच्या तशी कोठीच्या फरशीवर ठेवली जाते आणि तिथेच राहते.

मांडणीत बदल करावा लागेल हे गृहीत धरावे. एखादी वस्तू वारंवार चुकीच्या जागी सापडत असेल तर ती ठेवणाऱ्याला समजावत बसण्यापेक्षा ती जिथे सापडते तिथेच तिला जागा द्यावी, कारण हाताला सोयीची जागा बहुधा तीच असते. टोपलीत सतत गर्दी होत असेल तर त्या गटातले काही कमी आणावे किंवा गट दोन फळ्यांवर पसरावा. घरातली माणसे वाढली, कुणी शिकायला बाहेर गेले, कुणाचे पथ्य सुरू झाले की एका वेळी आणायचे प्रमाण बदलते आणि त्याबरोबर डब्यांचे मापही बदलायला हवे. चार माणसांसाठी घेतलेला साडेसात लिटरचा डबा दोन माणसांच्या घरात तसाच काठोकाठ भरला जात राहिला तर तळाचा तांदूळ पुढच्या वर्षापर्यंत बाहेर येत नाही. तो डबा राखीव फळीवर हलवावा आणि त्याच्या जागी अर्ध्या मापाचा आणावा.